पेडल राहू द्या, आधी गाडीचा विमा बघा

प्रश्न: वय ३१, चाकणला नोकरी, हातात पगार ४८,०००. घरी पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. १४ महिन्यांपूर्वी ९ लाखांचं कर्ज काढून हॅचबॅक घेतली. ७ वर्षं, साडेनऊ टक्के. आता स्पोर्ट पेडल बसवायची आहेत. दुकानदार ४,५०० सांगतो. ऑनलाइन किट १,३०० ला मिळतं, ड्रिल घरी आहे. वाचलेले ३,००० एसआयपीत टाकले तर १५ टक्क्यांनी किती होतील? विम्याची चिंता नाही, पॉलिसी तीन वर्षांची आहे. मध्ये रिन्यूअलचे मेसेज आले, ते सोडून दिले. शिवाय कर्जासोबत घेतलेली, वर्षाला ६०,००० हप्त्याची २० वर्षांची आयुर्विमा पॉलिसी आहेच.

उत्तर: पेडलचा निकाल आधी लावतो. ड्रिल लावू नका. क्लच-ब्रेकचं रबर काढून त्यावर ॲल्युमिनियमची कव्हरं चढवणं अवघड नाही. पण ॲक्सिलरेटर हल्ली बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचा असतो आणि त्याला सेन्सर जोडलेला असतो. भोक पाडताना तो तडकला तर अख्खं युनिट बदलावं लागेल, आणि वॉरंटीवाले हात वर करतील. कव्हरं मूळ पेडलपेक्षा रुंद असली तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमधली फट कमी होते, बुटाची कड दोन्हींवर पडू शकते. स्क्रू ढिला होऊन कव्हर सरकलं की ते पायाखालच्या मॅटमध्ये अडकतं. समोर कंटेनर उभा असताना हे व्हायला नको. हौस आहे ना? मग तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं, भोक न पाडता बसणारं किट सर्व्हिस सेंटरमधून बसवून घ्या.

एसआयपी म्हणजे दर महिन्याची गुंतवणूक, ३,००० एकदाच टाकले म्हणजे एसआयपी होत नाही. १५ टक्केही धरू नका, १० धरा. १० वर्षांत पावणेआठ हजार होतील. एवढंच.

आता जे तुम्ही विचारलंच नाही, ते. तुमच्या गाडीला आज विमा नाही. म्हणजे थर्ड पार्टी, तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, आहे, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा ('ओन डॅमेज') नाही. नव्या कारला २०१८ पासून थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. 'ओन डॅमेज' मात्र बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात, त्या आत्ता काढून बघा. तुम्ही सोडून दिलेले मेसेज त्यातल्या दुसऱ्या मुदतीचे होते.

हिशेब साधा आहे. कर्ज अजून ७.९ लाख बाकी आहे. उद्या गाडी चोरीला गेली किंवा चेपून भंगार झाली, तर विमा कंपनी एक रुपया देणार नाही आणि बँक १४,७०० चा हप्ता आणखी ७० महिने घेत राहील. नसलेल्या गाडीसाठी १० लाखांच्या वर! साधारण १५ हजारांच्या प्रीमियमपायी ही जोखीम तुम्ही दोन महिने अंगावर घेऊन फिरताय.

आजच विमा कंपनीला फोन करा. मुदत संपल्यामुळे ते गाडीची तपासणी करतील, फोटो मागतील. ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केलंत तर पहिल्या वर्षाचा २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, टिकेल, म्हणजे महिनाभर हातात आहे. पण महिनाभर थांबू नका. विमा सुरू होईपर्यंत कृपया नोकरीच्या कंपनीच्या बसने जा. पेडल किंवा दुसरं काहीही बसवलंत तर ते विमा कंपनीला कळवा. न कळवलेल्या ॲक्सेसरीचे पैसे मिळत नाहीत.

राहिली ती ६०,००० ची पॉलिसी. 'कर्ज मंजुरीसाठी लागते' असं सांगून ती गळ्यात मारली असेल, तर ती सरळ फसवणूक आहे. कर्जासाठी अशी पॉलिसी घेण्याची सक्ती करता येत नाही. तुम्ही जोडलेल्या कागदावर एजंटने पेनाने '२० वर्षांनी ४० लाख' लिहून दिलंय. त्यासाठी साडेदहा टक्के परतावा लागतो. विमा आणि बचत एकत्र असलेल्या या जातीच्या पॉलिसीत ५ टक्क्यांच्या आसपास सुटतात, म्हणजे २१ लाख. पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी साडेसव्वीस झाले असते. आणि विमा किती? १० लाख. त्यातले ७.९ बँकेचे, उरलेल्या दोन लाखांत पत्नी आणि मुलगी किती दिवस काढतील?

सिगारेट-तंबाखू नसेल तर तुमच्या वयाला १ कोटीचा टर्म विमा (बचत नाही, मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे) वर्षाला साधारण १२-१५ हजारांत मिळतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटीही गेलाय. तो आधी घ्या, कागद हातात येऊ द्या, मग जुनी बंद करायचं बघू. भरलेल्या १.२० लाखांतले बरेचसे बुडतील, हे मान्य. पण पुढचे १८ हप्ते म्हणजे १०.८ लाख अजून तुमच्या खिशात आहेत. तिसऱ्या हप्त्याला दहा महिने आहेत. आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे परत घेतले, तर किती मिळतील आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता चालू ठेवली, तर किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घ्या आणि मला पाठवा. एजंटला फोन करू नका.