बेळगावहून एका दिवसात होणारी हेरिटेज ट्रेनची ट्रिप?

तुम्ही विचारलंय की बेळगावहून सकाळी निघून रात्री घरी, अशी हेरिटेज ट्रेनची ट्रिप आहे का आणि लोकांना रेल्वेचं एवढं वेड कसलं असतंय. पाटी लावलेली हेरिटेज गाडी म्हणाल तर नाही ओ आपल्याकडे. नेरळ-माथेरान आहे, १९०७ ची, दोन फुटी रुळांची, पण बेळगावहून एका दिवसात जाऊन येणं जमायचं नाही.

पण लोंडा-कॅसलरॉक-कुळे घाट आहे की! हेरिटेज म्हणून वेगळं तिकीट लागत नाही, गोव्याला जाणाऱ्या साध्या गाडीत बसायचं, देसूर, खानापूर, गुंजी करत लोंडा आलं की पुढे जंगलच जंगल. ही लाईन १८८० च्या दशकातली, म्हणजे इंग्रज आणि पोर्तुगीजांनी १८७८ ला करार केला त्यातून निघालेली, मुरगाव बंदरापर्यंत माल न्यायला. कॅसलरॉक म्हणजे तेव्हाची हद्द.

आमचं कुलदैवत गोव्यात, त्यामुळे आजीकडून हे सगळं ऐकलेलं. इकडे कॅसलरॉकला सामान उघडून दाखवायचं, तिकडे कुळेला पोर्तुगीजांच्या शिपायापुढे परत तेच, आणि ओटीचं खण-नारळसुद्धा उलटसुलट करून बघायचे म्हणून आजी म्हातारपणापर्यंत चिडायची :) १९५५ ला गाड्याच बंद झाल्या, मग गोवा मुक्त होईपर्यंत देवीचं दर्शन नाही, घरातूनच नमस्कार. तेव्हा मीटरगेज होतं, म्हणजे रुळांत एक मीटरचंच अंतर, कोळशाचं इंजिन, खिडकीतून डोकं काढलं की डोळ्यात कण गेलाच. मला ते मिळालं नाही, मी बघतोय ते आताचं रुंद रुळांचं ब्रॉडगेजच.

आता सगळे दूधसागर दूधसागर करतात. धबधबा भारीच आहे, ३१० मीटर, पावसाळ्यात पुलावरून जाताना तुषार थेट डब्यात येतात, पण खरं सांगू का, तो एक-दोन मिनिटांत संपतो, त्यातही निम्मा वेळ दारातल्या लोकांच्या मोबाईलमागे जातो. माझ्या मते खरी मजा कॅसलरॉकलाच आहे. गाडी तिथं थांबते, ब्रेक तपासतात, मागे बँकर, म्हणजे घाटापुरती मदतीची जादा इंजिनं जोडतात. कारण पुढे १:३७ चा उतार, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. तुम्हाआम्हाला हा काहीच वाटणार नाही, चन्नम्मा सर्कलच्या आसपास सायकलवर याहून जास्त दम लागतो, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर, वर एवढ्या डब्यांचं वजन, म्हणून तर गाडी आवरायला पुढचं इंजिन एकटं पुरत नाही. उतरताना गाडी इतकी हळू जाते की झाडावरचं माकड आरामात आपल्याकडे बघून घेतंय. ब्रेकचा तो करकर आवाज, तापलेला वास, बोगदा आला की डब्यातली पोरं ओरडणार, त्यात एखादा काकासुद्धा. वेड कसलं विचारता तर हेच, दुसरं काही नाही.

आता कामाचं. जाणारी आणि येणारी दोन्ही गाड्या घाटात उजेडी मिळतात का ते टाईमटेबलमध्ये आधी बघा, नाहीतर काळोखात खिडकीत स्वतःचंच तोंड दिसतंय. पावसात दरड पडली तर सगळं लटकतं, मी एकदा कुळेला तीन तास बसलोय, रेंजही नीट नव्हती, भाकरी-चटणी बरोबर होती म्हणून निभावलं. दूधसागरला उतरून रुळावरून चालत जायचं बेत करू नका, बंदी आहे आणि दंड होतो. एसी घेऊ नका, काच मळकी असते आणि आवाज काहीच येत नाही, स्लीपर नाहीतर जनरलच बरं.

आणि येताना कुळेहून शेवटच्या डब्यात जागा धरा. बँकर मागून ढकलायला लागले की बाकड्यातून कळतंय.