शून्य कुठलं ते आधी ठरव

पुणे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

बेटांभोवतीच्या समुद्राची जुनी पातळी मोजायला जाण्याआधी काय वाचू, असं तू विचारलंस. पुणे स्टेशनावरची पिवळी पाटी वाच. गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची असते, साडेपाचशे मीटरच्या वर. पण सपाटी कुठल्या समुद्राची? आपल्याकडे याला उत्तर आहे. कराचीपासून मद्रासपर्यंत आणि त्याही पुढे, अशा नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून १९०९च्या सुमारास एक शून्य ठरलं आणि लेव्हलिंग करत, म्हणजे टप्प्याटप्प्याने उंचीतला फरक मोजत, ते घाटावर आणलं गेलं. तू जाशील त्या बेटावर कुणी असं काही आणून ठेवलेलं नसेल. तुझं शून्य तुलाच शोधायचंय, आणि बहुतेक ते एखाद्या जिवंत पोवळ्याच्या डोक्यावर सापडेल.

पोराइट्स या पोवळ्याची वसाहत वर वाढत जाते आणि उधाणाच्या ओहोटीला उघडी पडायला लागली की तिचा माथा मरतो. मग ती आडवी पसरते. मधे सपाट मेलेला माथा, भोवती जिवंत कड, भली मोठी परात उपडी घातल्यासारखी. हाच मायक्रोअटॉल. समुद्र चढला तर कड वर येते आणि मधे खोलगट राहतं. उतरला तर बाहेरच्या अंगाला एक पायरी पडते. चकती कापून क्ष-किरणांखाली धरलीस तर वर्षावर्षाचे पट्टे दिसतात, साधारण सेंटिमीटरभर रुंद. म्हणजे पोवळं सरासरी समुद्र नोंदवत नाही, ओहोटी नोंदवतं. म्हणून मेलेल्या मायक्रोअटॉलला हात लावण्याआधी शेजारचे जिवंत मोज. एक नव्हे, पंधरा-वीस. जुन्याचा माथा आजच्या जिवंत माथ्यापेक्षा किती वर, तो फरक तुझा आकडा.

यात मी एकदा चांगलाच आपटलोय. एका बेटावर सुरेख जुना मायक्रोअटॉल मिळाला, माथा जवळजवळ चाळीस सेंटिमीटर वर. रात्री झोप लागली नाही, इतका खूश होतो. दुसऱ्या दिवशी ओहोटीला सहज मागे वळून पाहिलं तर बाहेरच्या बाजूला दगडगोट्यांचा जुना बांध होता. ओहोटीचं पाणी त्यामागे अडून राहायचं. माझ्या पोवळ्याने डबक्याची पातळी नोंदवली होती, समुद्राची नव्हे. वहीतलं ते पान मी फाडलं नाही, त्यावर आडवी रेघ मारून कारण लिहिलं. तूही ओहोटीला आधी तासभर नुसतं पाणी कुठून निघून जातंय ते बघ. वादळाने उलथून आणून टाकलेली पोवळीही असतात. वाढीच्या जागी नसलेल्याची उंची काहीच सांगत नाही.

आता मुद्दा, हा फरक येतो कुठून. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता. हिम वितळलं, आणि साधारण सात हजार वर्षांपूर्वी मोठी चढण संपत आली. तरीही मालदीवच्या पोवळ्यांवरून दिसतं की चार ते दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र तिथे आजच्यापेक्षा निदान अर्धा मीटर वर होता. पाणी कमी झालं नाही, सरकलं. हिमाच्या भाराने ज्या प्रदेशांभोवतीची जमीन फुगून वर आली होती, ती भार गेल्यावर बसत गेली; तिथे झालेली जागा भरायला विषुववृत्ताकडचं पाणी ओढलं गेलं. वाढलेल्या पाण्याच्या ओझ्याने सागरतळही दबला. म्हणून एका बेटाचा आकडा हा साऱ्या जगाचा समुद्र नव्हे. प्रबंधात तसं लिहिलंस तर माझी लाल पेन्सिल तयार आहे.

बेटही जागचं हलतं. आपण वेताळ टेकडीवर ज्या काळ्या पाषाणावर बसून चहा प्यायचो, त्याचा उगम ज्या तप्तबिंदूशी, म्हणजे खोलातून लाव्हा वर येत राहणाऱ्या जागेशी, जोडतात, त्याचीच पुढची वाट म्हणजे लक्षद्वीप-मालदीव-चागोसची रांग, असं मानलं जातं. हे मला अजूनही गमतीचं वाटतं. ज्वालामुखी थंड होत खाली बसतो, पोवळं वर वाढत राहतं. डार्विनने हे १८४२ साली मांडलं आणि १९५२ साली प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक या प्रवाळबेटावर बाराशे मीटरहून जास्त चुनखडक भेदल्यावर खाली ज्वालामुखीचा बेसाल्ट लागला. पाच हजार वर्षांच्या हिशेबात हा बसाव सहसा किरकोळ. सव्वा लाख वर्षांच्या हिशेबात नाही. म्हणून त्या काळासाठी लोक सेशेल्सच्या स्थिर ग्रॅनाइटवरची पोवळी धरतात, जी आज सात-आठ मीटर उंचीपर्यंत सापडतात.

वयाचं थोडक्यात. युरेनियम-थोरियमने वय काढायला नमुना पाठवण्याआधी पोवळ्याच्या मूळच्या अरागोनाइट खनिजाचं कॅल्साइट झालंय का ते तपास; झालं असेल तर वयावर भरवसा नाही. कार्बन-१४ने वय काढलंस तर समुद्राच्या पाण्यातल्या कार्बनचा मुळातलाच जुनेपणा, सरासरी चारशेएक वर्षं, वजा करायला विसरू नकोस, आणि स्थानिक आकडा वेगळा असू शकतो.

माझा लेव्हलिंगचा स्टाफ, ती उंची वाचायची खुणांची काठी, माळ्यावर आहे, घेऊन जा. तळाची पितळी पट्टी झिजलीय, त्यामुळे वाचन तीन मिलिमीटर जास्त येतं. वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेव.