लागण, गाठ आणि अर्बुद

एका वाचकाने विचारलं आहे: “‘अभिनेत्याला कर्करोगाची लागण’ असं बातमीत वाचलं. ही शब्दयोजना बरोबर आहे का? आणि कर्करोगासाठी ‘अर्बुद’ हा जुना शब्द वापरला तर चालेल का?”

पहिलं उत्तर: साफ चूक. लागण होते ती गोवराची, पटकीची, क्षयाची. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो तेव्हा ती लागण. कर्करोग लागत नाही. तो होतो, फार तर जडतो. अशा एका शब्दापायी घरात रुग्णाचं ताटवाटी वेगळं निघतं, म्हणून मला या चुकीची चीड येते. यावर मला नेहमी ऐकवलं जातं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो, यकृताच्या काही कर्करोगांमागे हिपॅटायटिस बी असतो. खरं आहे. पण तिथेही लागण होते ती विषाणूची. कर्करोग पुढे कित्येक वर्षांनी होतो, आणि तोही लागण झालेल्यांपैकी थोड्यांनाच.

कर्करोगाच्या नावातल्या खेकड्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: ग्रीक कार्किनोस, लॅटिन कॅन्सर, आपला कर्क, तिन्हींचा अर्थ खेकडाच. रोगाच्या चिवट पकडीवरून हे नाव पडलं असं सांगणारे बरेच आहेत. मला ते मागाहून जुळवलेलं वाटतं. स्तनातल्या गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, हे प्राचीन ग्रीक वैद्य गेलनचं स्पष्टीकरण सरळ आहे. वैद्याला डोळ्यांनी दिसलं, त्यावरून त्याने नाव दिलं.

आता अर्बुद. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात त्याचं वर्णन आहे: ‘वृत्तं स्थिरं मन्दरुजं महान्तम् अनल्पमूलं चिरवृद्ध्यपाकम्’. गोल, न हलणारं, फार न दुखणारं, मोठं, खोल मुळाचं, सावकाश वाढणारं, न पिकणारं. गळू पिकतं, अर्बुद पिकत नाही. हातांनी चाचपून इतकं नेमकं लिहिणाऱ्या माणसापुढे मी नतमस्तक होतो.

पण याच शब्दाचे आणखी अर्थ पाहा. अर्बुद म्हणजे पर्वत. आबूचा पहाड तो हाच, अर्बुदाचल. अर्बुद म्हणजे गर्भाची एक अवस्था. सुश्रुतसंहितेच्याच शारीरस्थानात दुसऱ्या महिन्याच्या गर्भाची पिंड, पेशी आणि अर्बुद अशी तीन रूपं सांगितली आहेत. आज आपण ज्याला पेशी म्हणतो तो शब्द तेव्हा अर्बुदाच्या शेजारी बसलेला होता! आणि अर्बुद म्हणजे संख्याही. यजुर्वेदाच्या यादीत ती एक कोटी येते, भास्कराचार्यांच्या लीलावतीत दहा कोटी.

मोनिअर-विल्यम्स आपल्या संस्कृत-इंग्रजी कोशात हे अर्थ ओळीने मांडतात आणि पुढे जातात. संख्या वेगळी, गाठ वेगळी, ध्वनी योगायोगाने सारखा, असं मानणारेही आहेत. मला हे मुळीच पटत नाही. त्याच वैदिक यादीत अर्बुद, न्यर्बुद यांच्यानंतर ‘समुद्र’ येतो. समुद्र जर संख्या होऊ शकतो, तर फुगून वर आलेला ढीगही होऊ शकतो. माझं म्हणणं असं, की मूळ अर्थ उंचवटा, गोळा. त्यातूनच पहाड, गर्भ, गाठ आणि मोजदादीबाहेरचा आकडा हे चारही निघाले.

आणि आता गंमत बघा. एक पेशी बिघडते, तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. सगळ्या जगल्या, तर अशा 27 दुपटींनंतर 13 कोटी 42 लाख पेशी होतात, 30 दुपटींनंतर 107 कोटी. साधारण एक सेंटिमीटरच्या, म्हणजे बोटांना जेमतेम कळणाऱ्या गाठीत दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात. लीलावतीच्या भाषेत दहा कोटी म्हणजे अर्बुद, शंभर कोटी म्हणजे अब्ज! सुश्रुताने पेशी मोजल्या होत्या असा दावा मी करणार नाही; सूक्ष्मदर्शकच नव्हता. पण हा शब्द आजच्या विज्ञानाला किती चपखल बसतो! ‘चिरवृद्धि’, म्हणजे सावकाश वाढ, हीही तशीच. पेशीच्या जनुकांत एक चूक होऊन भागत नाही. वाढीला रेटा देणारं जनुक अडकून चालूच राहावं लागतं, पी53सारखं लगाम घालणारं जनुक निकामी व्हावं लागतं, अशा चुका एकावर एक साचाव्या लागतात. म्हणून तर तंबाखू-सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात अनेकदा आधी पांढरा चट्टा येतो, नाहीतर तोंड उघडेनासं होतं. कर्करोग त्यानंतर, आणि प्रत्येकाला नव्हे.

दुसरा प्रश्न राहिला. अर्बुद म्हणजे कर्करोग नव्हे, अर्बुद म्हणजे ट्यूमर. सुश्रुताच्या सहा प्रकारांत मेदार्बुदही आहे. चरबीची निरुपद्रवी गाठ त्यात सहज बसेल. सौम्य अर्बुद जागच्या जागी वाढतं. दुर्दम अर्बुद शेजारच्या भागात घुसतं, रक्तातून आणि लसिकेतून (लिम्फमधून) दूर जाऊन तिथे घर करतं. कर्करोग म्हणायचं ते या दुसऱ्याला.

उलट बाजूने, प्रत्येक कर्करोग अर्बुद नसतो. ल्युकेमियाला, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाला, ‘रक्तार्बुद’ म्हणणाऱ्या मंडळींनी मूळ ग्रंथ एकदा उघडावा. सुश्रुताचं रक्तार्बुद ही रक्त वाहणारी गाठ आहे. ल्युकेमियात अस्थिमज्जेतल्या रक्तपेशी बेसुमार वाढतात आणि बहुधा गाठ नसतेच. जर्मन वैद्य विरखोने 1847 मध्ये दिलेल्या त्या नावाचा अर्थ आहे पांढरं रक्त. लसिकाग्रंथींच्या लिम्फोमात मात्र गाठी येतात. त्वचेच्या आणि अवयवांच्या अस्तरांतून निघतो तो कार्सिनोमा. स्तन, तोंड, फुप्फुस, आतडं इथले बहुतेक कर्करोग याच जातीचे, आणि खेकडा याही नावात शिल्लक आहे. हाडं, स्नायू, चरबी यांतून निघतो तो सार्कोमा, ग्रीक ‘सार्क्स’ म्हणजे मांस यावरून. सुश्रुताने दगडासारख्या, न हलणाऱ्या, असाध्य गाठीला मांसार्बुद म्हटलं. रोग तोच होता असं नाही, पण नाव देताना ग्रीकांना आणि सुश्रुताला, दोघांनाही मांसच सुचलं.