बायबल वाचायला सुरुवात करताय? आधी मार्क उघडा

ताई, पहिलं म्हणजे नवीन वर्षाची वाट बघू नका, आजच सुरू करा. आणि बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून नको. उत्पत्ती, निर्गम गोष्टींमुळे सरसर वाचून होतं, मग लेवीय हे तिसरं पुस्तक लागतं, यज्ञांचे नियम, कुष्ठरोगाचे नियम, आणि तिथेच भल्याभल्यांचं वाचन बंद पडतं, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तर दरवर्षी बघतो.

मार्क घ्या. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, १६च अध्याय, रोज एक. पण घाई नको हां, चौथ्या अध्यायात वादळ येतं तेव्हा येशू नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय, ही उशी फक्त मार्कच सांगतो, असलं काहीतरी एक सापडलं ना की त्यावरच दोन मिनिटं प्रार्थना करायची, बास.

सुरुवातीला हे टाळा:
- वर्षात अख्खं बायबल हा प्लॅन. रोज तीन-चार अध्याय पडतात, नव्या माणसाला झेपत नाही.
- फक्त मोबाईलवर वाचणं. ॲप चांगलंय पण व्हॉट्सॲप मध्येच डोकावतं, छापील घ्या.
- बुडलेले दिवस भरून काढणं. गेले तर गेले, आजचा अध्याय वाचा.

वेळ एकच ठेवा, सकाळच्या चहाला जोडून टाका. मार्क झालं की स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, पण ११९वं स्तोत्र एका बैठकीत नको, १७६ वचनं आहेत त्यात! टीकाग्रंथ (बायबलचा अर्थ उलगडणारी पुस्तकं), मूळ ग्रीक-हिब्रू भाषा वगैरे सध्या राहू दे, अडलं तिथे पेन्सिलीने खूण करा आणि रविवारी उपासनेनंतर पाळकांना (पास्टरना) गाठा.