औषधी शाम्पू लावूनही कुत्र्याची खाज का जात नाही?

प्रश्न : आमचा लॅब्रेडोर चार वर्षांचा आहे. दर पावसाळ्यात त्याच्या काखा आणि जांघा काळपट, चिकट होतात, अंगाला आंबूस वास येतो आणि तो रात्रभर पंजे चाटत बसतो. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला शाम्पू दिला आहे. दर रविवारी त्याने अंघोळ घालतो, पण दोन दिवसांत पुन्हा तेच. शाम्पू बदलावा का? (घाटकोपर)

उत्तर : शाम्पू राहू द्या, लावायची पद्धत बदला. चिकटपणा, काळी पडलेली कातडी आणि आंबूस वास ही बहुतेक वेळा मॅलॅसेझिया या यीस्टची, म्हणजे एका बुरशीची, लक्षणे. हे यीस्ट निरोगी कुत्र्याच्या अंगावरही असते. पण मुंबईचा पावसाळा, न वाळलेले केस आणि आधीच सुजलेली कातडी असे जुळून आले की ते फार वाढते. तुमच्या शाम्पूतली दोन्ही औषधे यीस्टवर चालतात. मात्र ती कातडीला १० मिनिटे लागून राहायला हवीत. फेस आला की लगेच पाणी ओतले, तर औषध मोरीत जाते आणि कुत्रा नुसता धुतला जातो. शिवाय सुरुवातीला आठवड्यातून एकदा पुरत नाही. सलग तीन-चार आठवडे दोनदा अंघोळ लागते.

अंघोळीआधी कंगव्याने गळके केस काढा. पाणी गार किंवा जेमतेम कोमट घ्या. गरम पाण्याने खाज वाढते, आणि उन्हाच्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारे पाणीही त्याला गरमच पडते. लॅब्रेडोरचे केस दाट असतात, वरून भिजलेला दिसला तरी आत कातडी कोरडी राहते. म्हणून केसांच्या उलट दिशेने बोटे फिरवत तीन-चार मिनिटे भिजवा. अंग फारच तेलकट असेल तर आधी कुत्र्यांच्या साध्या शाम्पूने एकदा धुऊन घ्या, नाहीतर औषधी शाम्पू त्या मेणचटपणावरच राहतो.

मग औषधी शाम्पू. पाठीवर एकदम ओतू नका. हातावर थोडा थोडा घेऊन आधी पंज्यांची बोटे, काखा, जांघा, गळ्याखालच्या घड्या, शेपटीखालची जागा आणि शेवटी पाठ असे चोळा. सगळीकडे लावून झाल्यावर घड्याळ लावा, तेव्हापासून १० मिनिटे. हा वेळ काढणे हाच खरा अवघड भाग. मोरीच्या भिंतीवर, त्याच्या नाकाच्या उंचीला, चमचाभर घट्ट दही फासून ठेवा. तो ते चाटत राहील आणि अंगावरचा फेस चाटणार नाही. पीनट बटर वापरत असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना, हे डब्यावर वाचून घ्या. ते कुत्र्यांसाठी विष आहे. क्लोरहेक्सिडीन डोळ्यांत जाऊ देऊ नका, बुबुळाला इजा होते. कानातही नको, कानाचा पडदा फाटलेला असेल तर ऐकू येणे जाऊ शकते. तोंड ओल्या फडक्याने पुसून घेतलेले बरे.

धुताना पोटाखालून आणि बोटांमधून पाणी जाऊ द्या. हाताला बुळबुळीत लागते तोपर्यंत शाम्पू उरलेलाच आहे असे समजा, आणि उरलेला शाम्पू स्वतःच खाज आणतो. त्यानंतर टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. बोटांच्या फटी, काखा आणि जांघा वेगळ्या कोरड्या करा, मग पंख्याखाली बसवा किंवा ड्रायर थंड हवेवर ठेवून फिरवा. पावसाळ्यात हे वाळवणे टाळले, तर सकाळी मारलेल्या यीस्टला पुन्हा वाढायला जागा मिळते. बाहेरून आल्यावर पंजे पुसण्याची सवयही याच कारणासाठी लावा.

यीस्ट हे मात्र मूळ दुखणे क्वचितच असते. दरवर्षी त्याच दिवसांत खाज परतते, तेव्हा मागे बहुधा ॲलर्जी असते. चार आठवड्यांनी डॉक्टरांकडून कातडीवर चिकटपट्टी लावून काढलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. यीस्ट गेले आणि खाज राहिली, तर शाम्पूचे काम संपले. पुढे ॲलर्जीचा उपचार करायला हवा.

प्रश्न : अंघोळीच्या पाण्यात घरातले जंतुनाशक टाकले तर चालेल का? माणसांचा कोंड्याचा शाम्पू? (गिरगाव)

उत्तर : जंतुनाशक नको. फरशी आणि जखमांसाठीच्या द्रावणांतली फिनॉलच्या जातीची रसायने कातडी भाजतात आणि चाटल्यावर पोटात जातात. माणसांचा शाम्पू आपल्या आम्लधर्मी त्वचेसाठी बनवतात, कुत्र्याची त्वचा त्यापेक्षा बरीच उदासीन असते. वरचेवर वापरला तर ती कोरडी पडते. किटोकोनॅझोल या यीस्टवरच्या औषधाचा शाम्पू कुत्र्यांनाही देतात, पण तो डॉक्टरांनी सांगितला तरच.

प्रश्न : गोचिडांसाठी मानेवर टाकायचे थेंब आणि औषधी शाम्पू एकाच आठवड्यात चालतील का? घरात मांजरही आहे. (बोरिवली)

उत्तर : थेंब त्वचेवरच्या तेलात पसरतात आणि शाम्पू तेच तेल काढतो. म्हणून थेंबांच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको, आणि वेष्टनावर जास्त दिवस लिहिले असतील तर तेवढे पाळा. आठवड्यातून दोनदा अंघोळ चालू असताना ही सांगड बसवणे कठीण, तेव्हा पोटातून देण्याच्या गोळीबद्दल विचारा. अंघोळीने तिचा असर कमी होत नाही. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा. मांजरासाठी मात्र खास काळजी घ्या : कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रीन हे कीटकनाशक असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतते. घरात मांजर असेल तर असे थेंब आणूच नका.

प्रश्न : सोसायटीतल्या कुत्र्याच्या कानांच्या कडा आणि पायांचे कोपर खपलीने भरले आहेत, केस गेले आहेत. वॉचमन गॅरेजमधले जळके ऑइल लावायला सांगतात. (लालबाग)

उत्तर : कृपा करून लावू नका. कुत्रा ते चाटतो, ऑइल पोटात जाते आणि कातडीही जळते. कानांच्या कडा, कोपर आणि प्रचंड खाज हे खरजेचे चित्र आहे. किडे कातडीच्या आत बिळे करतात, त्यामुळे नुसत्या शाम्पूने ते मरत नाहीत. गोळी किंवा इंजेक्शन लागते, शाम्पू फक्त खपल्या मऊ करतो. बाजारातून आणून आयव्हरमेक्टिन स्वतः टोचू नका. चुकीच्या मात्रेने मेंदूवर परिणाम होतो, आणि कोली जातीच्या कुत्र्यांना तर नेहमीची मात्राही झेपत नाही. परळचे बैलघोडा इस्पितळ तुमच्यापासून जवळ आहे, तिथे दाखवा. खरूज माणसालाही खाज आणते, म्हणून हाताळताना हातमोजे घाला आणि त्याची गोणपाटे उकळत्या पाण्यात धुवा. त्याच्यासोबत झोपणाऱ्या इतर कुत्र्यांनाही त्याच वेळी औषध द्यावे लागेल, नाहीतर महिनाभरात त्याच खपल्या परत येतील.