घरी बांधलेल्या विमानात दुसरी बॅटरी, दुसरा अल्टरनेटर लावायचा का?

रोटॅक्स ९१२ या छोट्या विमान-इंजिनावर दोन सीटचं विमान बांधताय, उडवणार फक्त दिवसा, तर एकच विचारा: जिची जोडी लावायची म्हणताय ती वस्तू हवेत बंद पडली तर किती वेळात उतरावं लागेल?

कार्ब्युरेटरवाल्या ९१२ मध्ये इग्निशन (ठिणगी देणारी) सर्किटं मुळातच दोन, आणि चालू इंजिनाला बॅटरी लागत नाही. मग दुसरा अल्टरनेटर कशाला? ते वजन आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ डिग्रीत, टेकऑफला जाणवेल. इंजेक्शनवालं ९१२ आयएस असेल तर गोष्ट वेगळी. त्याचं विजेशिवाय भागत नाही.

बॅकअप कुठं फसतो ते आमच्या विहिरीवर पाहिलं. लाइन जाते म्हणून मोटरीच्या जोडीला डिझेल इंजिन ठेवलं, पण सक्शन पाइप एकच. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आणि दोन्ही गप्प. पऱ्हाटी चार दिवस तहानलेली. तसंच तुमच्या दोन्ही स्क्रीनना पिटो नळी (समोरची हवा घेऊन वेग दाखवायला लागणारी) एकच असेल तर कुंभारमाशीचं एक घरटं पुरे. विमान उभं असताना नळीला टोपी घाला, स्पीड मीटर झाकून उतरायचा सराव इन्स्ट्रक्टरसोबत करा.

इंधनाच्या मेकॅनिकल पंपासोबत इलेक्ट्रिक पंप मात्र ठेवाच, आणि दोघांच्या आधीचा फिल्टर अधूनमधून उघडून बघत जा.