बेरीज जुळली म्हणून मॉडेल बरोबर ठरत नाही

तुमचा प्रश्न असा की ग्रीनलंडचा बर्फ किती जाणार हे सांगणारी मॉडेलं संगणकातच चालतात, मग त्यांची खातरजमा कोण करतं? मी इंदूरला भौतिकशास्त्र शिकवतो. इथे रामबागेतली मुलंही हेच विचारतात, आणि विचारायलाच हवं.

वितळण मोजायला आजही काठ्या रोवतात. वाफेच्या ड्रिलने बर्फात खोल भोक पाडून काठी उतरवायची. पुढच्या खेपेला ती जितकी जास्त उघडी पडेल, तितका बर्फ गेला. लाहौल-स्पितीतल्या छोटा शिग्री हिमनदीवर 2002पासून असं मोजमाप चालू आहे. पश्चिम ग्रीनलंडमध्ये उट्रेख्ट विद्यापीठाची अशीच रांग 1990पासून आहे. तिच्या खालच्या टोकाला एका उन्हाळ्यात तीन-चार मीटर बर्फ सहज जातो.

पडलेलं हिम मोजणं जास्त किचकट. नुसती उंची मोजून भागत नाही, कारण ताजं हिम घनमीटरला कधीकधी शंभर किलोसुद्धा भरत नाही आणि मुरलेला बर्फ 900च्या आसपास जातो. म्हणून खड्डा खणतात. त्याच्या भिंतीत ठरावीक मापाची धातूची नळी आडवी खुपसायची, आत आलेलं हिम पिशवीत काढून तोलायचं, मग खालचा थर, मग त्याखालचा. बोटं बधिर होतात, पण वजन घेतल्याशिवाय त्या हिमात पाणी किती ते कळत नाही.

ग्रेस उपग्रहांनी 2002पासून गुरुत्वाकर्षणावरून एकूण घट मोजली, मग काठ्या कशाला? कारण उपग्रहाला फक्त शिल्लक दिसते. मॉडेलने हिम जास्त पाडलं आणि तितकंच जास्त वितळवलं, तर शिल्लक तंतोतंत जुळते आणि दोन्ही आकडे चुकलेले असतात. उद्या तापमान वाढलं की त्या चुका एकमेकींना झाकत नाहीत. शिवाय समुद्रात तुटून पडणारे हिमखंडही त्याच शिलकीत धरलेले असतात. म्हणून जमा वेगळी आणि खर्च वेगळा तपासावाच लागतो.

आणखी एक. जुलै 2012मध्ये ग्रीनलंडच्या जवळपास सगळ्या पृष्ठभागावर वितळण दिसली. ते सगळं पाणी समुद्रात गेलं नाही. उंचावर बरंचसं खालच्या सच्छिद्र थरात मुरून पुन्हा गोठलं. मॉडेलने हे मुरणं किती धरलंय, ते मी सगळ्यात आधी बघतो.

आणि ज्या काठ्यांचे आकडे वापरून मॉडेल जुळवलं, त्याच काठ्यांवर त्याची परीक्षा घेतली तर ती परीक्षाच नव्हे. आग्नेय ग्रीनलंडमध्ये हिम सर्वांत जास्त पडतं आणि मोजमापं फार थोडी आहेत. तिथेच मॉडेलांचे आकडे एकमेकांपासून खूप लांब जातात.